ॲनालॉग सिंथेसायझरवर तालवाद्यांचे आवाज कसे घडवावेत

ॲनालॉग सिंथेसायझर हाती आला की बहुतेक जण आधी बेस आणि लीडच्या आवाजांकडे वळतात. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम), हाय-हॅट (झांजांची जोडी) यांसाठी वेगळे ड्रम मशीन घ्यावेच लागते, असे गृहीत धरलेले असते. वास्तविक रोलँडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ मध्ये एकही ध्वनिमुद्रित आवाज नव्हता. त्याच वर्षी आलेल्या लिन एलएम-१ या मशीनमध्ये खऱ्या ड्रमचे नमुने डिजिटल स्वरूपात साठवलेले होते. ८०८ मधला प्रत्येक ठोका मात्र ऑसिलेटर (स्वराची लहर निर्माण करणारा), नॉइज (स्वर नसलेली खरखर), फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारा) आणि एन्व्हलप (आवाज वेळेनुसार कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) यांच्या सर्किटांतून त्या त्या क्षणी तयार होत असे. साध्या मोनोफोनिक (एका वेळी एकच स्वर वाजवणाऱ्या) सिंथमध्येही हेच घटक असतात. ते वापरून एकेक आवाज कसा बसवायचा आणि मग सिंथ व ड्रम मशीन एका लयीत कसे चालवायचे, ते येथे क्रमाने पाहू.

स्वरवाद्याचा आवाज घडवताना आपण वेव्हफॉर्म (लहरीचा आकार) कोणता आणि कटऑफ (फिल्टर जेथून गाळू लागतो ती वारंवारता) किती, याचा विचार आधी करतो. तालवाद्याच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा. आवाज किती मिलिसेकंदांत उसळतो, त्याचा स्वर किती वेळात खाली उतरतो आणि तो किती वेळात विरतो, या तीन कालावधींवर ठोक्याची ओळख ठरते. वेव्हफॉर्मचा प्रश्न त्यानंतर येतो. एन्व्हलपचे नॉब फिरवताना पहिल्या पन्नास-साठ मिलिसेकंदांत काय घडते ते ऐकण्याची सवय कानाला लागली, की ड्रम मशीनचे बहुतेक आवाज ऐकून उलगडू लागतात.

पूर्वतयारी

सिंथ सुरू करून किमान वीस मिनिटे तसाच ठेवावा. व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर गरम होईपर्यंत सुरात स्थिर राहत नाहीत आणि थंड यंत्रावर जुळवलेली किक थोड्या वेळाने पट्टी सोडते. त्यानंतर सर्व मॉड्युलेशन (एका घटकाने दुसऱ्याला हलवणे) शून्यावर आणावे, फिल्टर पूर्ण उघडावा, अटॅक (आवाज चढण्याचा वेळ) शून्यावर ठेवावा आणि सस्टेनही (कळ दाबलेली असताना टिकणारी पातळी) शून्यावर ठेवावा. सस्टेन शून्य ठेवण्यास पर्याय नाही, कारण ठोका आपोआप विरला पाहिजे. बोट किती वेळ दाबले आहे यावर तो अवलंबून राहता कामा नये.

येथे एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. सिक्वेन्सर (ठोके क्रमाने वाजवणारे यंत्र) जो गेट, म्हणजे कळ दाबलेली असल्याचा इशारा, पाठवतो तो अनेकदा फारच छोटा असतो. गेट संपताच एन्व्हलप डिकेचा (शिखरानंतर उतरण्याचा) टप्पा सोडून रिलीजच्या (कळ सुटल्यावर विरण्याच्या) टप्प्यात शिरतो, आणि रिलीज शून्य असेल तर किक मध्येच तुटल्यासारखी ऐकू येते. म्हणून डिके आणि रिलीज यांची मूल्ये नेहमी सारखी ठेवावीत. मिनीमूगमध्ये रिलीजसाठी वेगळा नॉब नाही. डिकेचाच नॉब स्विचच्या साहाय्याने रिलीजला लागू होतो, त्यामुळे तो स्विच चालू आहे ना, एवढे पाहिले की पुरते.

सिक्वेन्सर १२० बीपीएमवर (मिनिटाला १२० मात्रा) ठेवून प्रत्येक मात्रेला एक ठोका लावावा. या लयीत दोन मात्रांमध्ये ५०० मिलिसेकंदांचे अंतर असते आणि सोळा स्टेपच्या चक्रातली एक स्टेप १२५ मिलिसेकंदांची असते. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढचे सर्व कालावधी त्यांच्याशी ताडून ठरवायचे आहेत. स्पीकरचा आवाज कमी ठेवून सुरुवात करावी. रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवणारा नॉब) वाढवल्यावर फिल्टर स्वतःच वाजू लागतो, तेव्हा आवाजाची पातळी एकदम चढते.

किक

किकचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि दोन्ही शिकून घ्यावेत, कारण त्यांतून येणारा स्वभाव अगदी वेगळा असतो.

पहिला मार्ग ऑसिलेटरचा. साइन वेव्ह असल्यास ती निवडावी. नसल्यास ट्रँगल वेव्ह घेऊन फिल्टरचा कटऑफ दीडशे-दोनशे हर्ट्झच्या आसपास आणावा. ऑसिलेटरचा मूळ स्वर सुमारे ५० हर्ट्झवर ठेवावा. ॲम्प्लिफायरच्या एन्व्हलपला ३०० ते ४०० मिलिसेकंदांचा डिके द्यावा. आता ठोका वाजवल्यास केवळ एक बुळबुळीत हुंकार ऐकू येईल, कारण त्यात आघात नाही. आघात येतो तो स्वराच्या घसरणीतून. दुसरा एन्व्हलप ऑसिलेटरच्या पिचला (स्वराच्या उंचीला) जोडावा, त्याची मात्रा दोन ते तीन सप्तके इतकी ठेवावी आणि डिके चाळीस मिलिसेकंदांच्या जवळपास आणावा. स्वर चारशे हर्ट्झच्या घरातून डोळ्याचे पाते लवण्याआधी पन्नासवर येतो आणि कानाला ती घसरण स्वतंत्रपणे न जाणवता टिपरू बसल्यासारखा आघात जाणवतो. हाच डिके शंभर मिलिसेकंदांच्या पुढे नेला की कान घसरण ओळखू लागतो आणि किक जाऊन टॉम (स्वर जाणवणारा ड्रम) ऐकू येतो. नॉब सावकाश फिरवत ही सीमारेषा स्वतः शोधावी. टॉम आणि किक यांच्यातला फरक इतका नेमकेपणाने दुसरीकडे कुठे सापडत नाही. टीआर-९०९ ची किक मूलतः याच तत्त्वावर चालते, आणि तिच्यात सुरुवातीला एक अगदी लहान, टोकदार क्लिक वेगळा मिसळलेला असतो.

या मार्गाची एक अडचण आहे. सिंथचा ऑसिलेटर सतत चालू असतो आणि ठोका पडतो तेव्हा त्याची लहर कधी शिखरावर तर कधी दरीत असते. त्यामुळे प्रत्येक ठोक्याची सुरुवात थोडी वेगळी होते आणि काही ठोक्यांना नको तेवढा क्लिक येतो. सिंथला ऑसिलेटर सिंकचा इनपुट असेल तर त्यात ट्रिगर (ठोका सुरू करणारा विद्युत इशारा) देऊन लहर प्रत्येक वेळी एकाच ठिकाणाहून सुरू करता येते. ती सोय नसल्यास अटॅक एक-दोन मिलिसेकंदांनी वाढवावा. क्लिक बोथट होतो, मात्र थोडी धारही जाते.

दुसरा मार्ग फिल्टरचा आहे आणि तो ८०८ च्या अधिक जवळ जातो. ८०८ मध्ये किकसाठी सतत चालणारा ऑसिलेटर नव्हताच. ब्रिज्ड-टी नावाच्या सर्किटाला एक क्षणिक पल्स (विजेचा झटका) दिली जात असे आणि ते सर्किट, एकदाच ढकललेला झोका हळूहळू थांबावा तसे, आपल्या ठरावीक वारंवारतेवर थरथरत शांत होत असे. सिंथवर हे साधण्यासाठी सर्व ऑसिलेटर बंद करावेत, फिल्टरचा रेझोनन्स तो स्वतःहून वाजू लागण्याच्या उंबरठ्याच्या किंचित खाली आणावा आणि कटऑफ ५० हर्ट्झकडे न्यावा. मग फिल्टरच्या ऑडिओ इनपुटला किंवा कटऑफच्या व्होल्टेजला एक अतिशय छोटा पल्स द्यावा. केबल जोडण्याची सोय नसल्यास फिल्टरच्या एन्व्हलपचा डिके किमान ठेवला तरी काम होते. येथे ठोक्याची लांबी रेझोनन्सच्या नॉबवर ठरते, ॲम्प्लिफायरच्या एन्व्हलपवर नाही. म्हणून ॲम्प्लिफायर पुरेसा वेळ उघडा राहील असा ठेवावा. प्रत्येक थरथर शांततेतून सुरू होत असल्यामुळे लहर कुठे होती हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि लांब, गोल, पोटात जाणवणारी किक हवी असेल तर माझी पसंती नेहमी याच मार्गाला असते.

किकला स्वर असतो, हे विसरू नये. ८०८ ची किक सुमारे ४९ हर्ट्झवर स्थिरावते आणि तो पाश्चात्त्य पद्धतीतल्या जी या स्वराच्या अगदी जवळ पडतो. लांब डिकेची किक गाण्याच्या पट्टीशी जुळवली नाही तर बेसबरोबर ती खर्जात खटकते. छोट्या डिकेच्या किकला ही काळजी फारशी लागत नाही, कारण स्वर ओळखू येण्याआधीच ती संपलेली असते.

स्नेअर

स्नेअरमध्ये दोन आवाज एकत्र नांदतात: कातड्याचा आणि खालच्या तारांचा. कातड्यासाठी दोन ऑसिलेटर घ्यावेत आणि ते सुरात नसावेत. ताणलेल्या गोल पडद्याचे पहिले दोन उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ आणि २.१४ पटींवर येतात, पूर्ण पटींवर येत नाहीत. ड्रममधून स्पष्ट स्वर न येता भरीव नाद येतो तो म्हणूनच. एक ऑसिलेटर १८० हर्ट्झवर आणि दुसरा २९० ते ३३० हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा, दोघांनाही शंभर मिलिसेकंदांचा डिके द्यावा आणि किकप्रमाणेच स्वराची घसरण द्यावी, पण ती अर्ध्या सप्तकापेक्षा जास्त नको.

तारांसाठी व्हाइट नॉइज (सर्व वारंवारता सारख्याच असलेली खरखर) घेऊन हाय-पास फिल्टरने एक ते दोन किलोहर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकावा आणि डिके १५० ते २५० मिलिसेकंद ठेवावा. नॉइज कातड्यापेक्षा जास्त वेळ टिकला पाहिजे. एकच ॲम्प्लिफायर असलेल्या सिंथमध्ये दोघांना वेगवेगळा डिके देता येत नाही, आणि तेथे तडजोड करत बसण्यापेक्षा दोन्ही भाग स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून एकावर एक ठेवणे चांगले. तसे केल्यावर दोघांचे प्रमाण नंतरही बदलता येते आणि स्नेअरचा सगळा स्वभाव या प्रमाणातच असतो.

हाय-हॅट

नॉइज हाय-पास फिल्टरमधून सात-आठ किलोहर्ट्झच्या वर गाळून पन्नास मिलिसेकंदांचा डिके दिला की बंद हाय-हॅट मिळते आणि डिके चारशेपर्यंत नेला की उघडी हाय-हॅट मिळते. ही सोपी रीत कामचलाऊ आहे. तिच्यातून येणारा आवाज हवेच्या फुत्कारासारखा राहतो. त्यात धातू ऐकू येत नाही.

धातूचा आवाज ८०८ मध्ये कसा आणला होता, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात सहा स्क्वेअर वेव्ह ऑसिलेटर एकदम चालतात, सुमारे २०५, ३०४, ३७०, ५२३, ५४० आणि ८०० हर्ट्झवर, आणि त्यांचे एकमेकांशी कोणतेही सुरेल नाते नसते. स्क्वेअर वेव्हचे विषम उपस्वर वर वर पसरत जातात. सहा लहरींचे असे शेकडो उपस्वर तीन किलोहर्ट्झच्या वर एकमेकांत इतके दाटीने मिसळतात की त्यांतला एकही वेगळा ओळखता येत नाही. मग बँड-पास (वारंवारतांचा ठरावीक पट्टाच जाऊ देणारे) आणि हाय-पास फिल्टर खालचे मूळ स्वर काढून टाकतात आणि वर उरते ती झांजेची झळाळी. सिंबल आणि दोन्ही हाय-हॅट याच सहा ऑसिलेटरांवर चालतात; फरक फक्त फिल्टरचा आणि डिकेचा असतो. घटकांच्या मूल्यांत थोडाफार फरक राहतोच, त्यामुळे दोन ८०८ मशीनच्या हाय-हॅट तंतोतंत सारख्या निघत नाहीत.

आपल्या सिंथमध्ये सहा ऑसिलेटर नसणार, पण दोनांतून बरेच साधते. रिंग मॉड्युलेटर असेल तर दोन स्क्वेअर वेव्ह त्यात द्याव्यात. कॉर्गच्या एमएस-२० मध्ये दुसऱ्या ऑसिलेटरच्या वेव्हफॉर्ममध्येच ही सोय आहे. दोघांच्या प्रत्येक जोडीची बेरीज आणि वजाबाकी अशा नव्या वारंवारता तयार होतात आणि उपस्वरांचे जंगल एकदम दाट होते. रिंग मॉड्युलेटर नसल्यास एका ऑसिलेटरने दुसऱ्याच्या पिचला वेगाने मॉड्युलेट करावे. दोघांतले अंतर कानाने ठरवावे: मूळ वारंवारता चारशे ते नऊशे हर्ट्झमध्ये ठेवून एक नॉब अगदी सावकाश फिरवत गेल्यास मधूनमधून आवाज एकदम घंटेसारखा स्वच्छ होतो. ती सुरेल गुणोत्तरे आहेत आणि हाय-हॅटसाठी ती टाळायची आहेत. दोन स्वच्छ जागांच्या मधली खरखरीत जागा निवडावी, हाय-पास सहा किलोहर्ट्झच्या वर न्यावा आणि त्यात किंचित नॉइज मिसळावा.

बंद हाय-हॅट वाजताच उघडी हाय-हॅट तुटली पाहिजे, कारण खऱ्या वाद्यात त्या एकाच झांजांच्या दोन अवस्था असतात. मोनोफोनिक सिंथवर दोन्ही एकाच आवाजातून काढल्यास हे आपोआप घडते. फक्त डिकेची लांबी स्टेपगणिक बदलण्यासाठी सिक्वेन्सरची एखादी व्होल्टेज किंवा व्हेलॉसिटी (ठोक्याच्या जोराचे मूल्य) डिकेला जोडावी लागते.

क्लॅप आणि काउबेल

क्लॅपमध्ये एक टाळी नसते. अनेक माणसांच्या टाळ्या किंचित पुढेमागे पडतात, आणि ८०८ मध्ये तोच परिणाम नॉइजचे काही झटके सुमारे दहा मिलिसेकंदांच्या अंतराने देऊन व त्यामागे एक लांब शेपटी जोडून साधला आहे. नॉइज एक किलोहर्ट्झच्या आसपास बँड-पास करावा, उतरत्या सॉ-टूथ आकाराचा (एकदम चढून सरळ उतरणारा) एलएफओ, म्हणजे मॉड्युलेशनसाठीचा संथ ऑसिलेटर, शंभर हर्ट्झवर ठेवून ॲम्प्लिफायरला जोडावा आणि एकूण लांबी तीस मिलिसेकंद ठेवावी. शेपटी वेगळी घ्यावी: तोच नॉइज, एलएफओ बंद, डिके शंभर ते दीडशे मिलिसेकंद. एलएफओ ट्रिगरबरोबर नव्याने सुरू होत नसेल तर टाळ्या दर वेळी वेगळ्या पडतात, आणि ते कानाला गोड लागते.

काउबेल, म्हणजे गुरांच्या घंटेसारखा आवाज, सर्वांत सोपी आहे. ५४० आणि ८०० हर्ट्झवरच्या दोन स्क्वेअर वेव्ह, एक बँड-पास फिल्टर, आणि आधी झटकन व मग सावकाश उतरणारा एन्व्हलप, एवढ्यावर ती तयार होते. हाय-हॅटमधल्या सहा ऑसिलेटरांपैकीच हे दोन आहेत. त्यांचे गुणोत्तर १.४८ पडते, म्हणजे षड्ज-पंचमाच्या १.५ पेक्षा जरासे कमी; तो उतरलेला पंचमच काउबेलला तिचा ओळखीचा कडवट नाद देतो. तो जुळवून शुद्ध केला की काउबेल बेचव होते.

ड्रम मशीन आणि सिंथ एका लयीत

घडवलेला आवाज वाजवण्यासाठी सिंथला ट्रिगर लागतो. तो देण्याची सर्वांत सरळ सोय जुन्या मशीनमध्येही आहे: ८०८ मध्ये ॲक्सेंट (ठोक्यावरचा जोर), काउबेल आणि क्लॅप यांच्यासाठी ट्रिगर आउट आहेत, टीआर-६०६ मध्ये दोन टॉमसाठी आहेत आणि ९०९ मध्ये रिमशॉटसाठी (ड्रमच्या कडेवरचा ठोका) आहे. न लागणारा आवाज निवडून त्याची पातळी शून्यावर आणावी आणि त्याच्या स्टेप सिंथ वाजवण्यासाठी वापराव्यात. तालवाद्याला पिचचा व्होल्टेज लागत नाही, त्यामुळे एक व्होल्ट प्रति सप्तक पाळणारा सिंथ आहे की एमएस-२० सारखा हर्ट्झ प्रति व्होल्ट पाळणारा, हा प्रश्नच येत नाही. ट्रिगरचा प्रकार मात्र पाहावा लागतो. जुने मूग सिंथ आणि एमएस-२० एस-ट्रिगवर चालतात, ज्यात तार सर्किटाच्या ग्राउंडशी (शून्य व्होल्टशी) जुळली की ठोका पडतो. बहुतेक इतर यंत्रे व्होल्टेज वर गेल्यावर ठोका देतात. दोन्ही प्रकार थेट जोडल्यास स्वर अडकून राहतो किंवा पल्स संपल्यावर वाजतो. दोघांच्या मध्ये एक छोटा रूपांतरक बसवावा.

लयीसाठी घड्याळ जुळवावे लागते. १९८३ मध्ये आलेल्या मिडीचे (वाद्ये एकमेकांशी जोडण्याच्या डिजिटल पद्धतीचे) घड्याळ प्रत्येक मात्रेला २४ स्पंदने देते, म्हणजे १२० बीपीएमवर सुमारे २०.८ मिलिसेकंदांना एक. त्याआधीच्या रोलँड यंत्रांवरचे डिन सिंकही २४ स्पंदनेच देते, तर कॉर्गची जुनी यंत्रे ४८ वापरतात. ज्या ॲनालॉग सिक्वेन्सरला प्रत्येक स्टेपसाठी एकच पल्स हवा असतो त्याला २४ चे घड्याळ थेट दिल्यास तो सहापट वेगाने धावू लागतो. मध्ये सहाने भागणारा क्लॉक डिव्हायडर लावावा. कॉर्ग व्होल्का मालिकेतली यंत्रे मात्रेला दोन पल्स अपेक्षित धरतात. डिन सिंकचा आणि मिडीचा पाच पिनांचा प्लग दिसायला सारखाच असतो, परंतु डिन सिंकमध्ये केवळ घड्याळाचे व्होल्टेज आणि सुरू-बंद सांगणारी एक तार असते, तर मिडीमधून क्रमाने संदेश जातात. एकाची केबल दुसऱ्यात बसते म्हणून यंत्रे एकमेकांशी बोलतीलच असे नाही.

संगणक आणि ड्रम मशीन दोन्ही असतील तर घड्याळाचे मालकपण शक्यतो ड्रम मशीनकडे द्यावे. संगणकातून येणारी स्पंदने इतर कामांच्या भाराने काही मिलिसेकंद पुढेमागे सरकतात, आणि किकबरोबर बेस सरकू लागला की ती ढिलाई लगेच कानाला बोचते. स्विंग (एकाआड एक स्टेप किंचित उशिरा पाडून येणारा झोका) हवा असेल तर तोही एकाच यंत्रावर लावावा. १२० बीपीएमवर सम क्रमांकाच्या स्टेप वीस मिलिसेकंद उशिरा पाडल्यास दोन स्टेपच्या जोडीतली पहिली ५८ टक्के वेळ घेते, म्हणजे स्विंग ५८ टक्के होतो. बऱ्याचशा हाऊस संगीतासाठी तेवढा पुरेसा वाटतो.

ॲक्सेंटकडे दुर्लक्ष करू नये. ८०८ मध्ये एखाद्या स्टेपवर ॲक्सेंट दिला की त्या स्टेपवरचे सर्व आवाज एकत्र उचलले जातात, आणि ठेक्याला चाल येते ती बरीचशी त्यातून. ॲक्सेंटचा व्होल्टेज आवाजाच्या पातळीबरोबर थोडासा फिल्टरच्या कटऑफलाही जोडावा, म्हणजे जोराचा ठोका मोठा असतो तसा उजळही होतो.

ध्वनिमुद्रण

ठोक्याचे शिखर पहिल्या काही मिलिसेकंदांत येऊन जाते आणि सरासरी दाखवणारा मीटर ते दाखवत नाही. म्हणून शिखर दाखवणारा मीटर वापरून पातळी उणे दहा डेसिबलच्या आसपास राखावी. लहान स्पीकरवर ५० हर्ट्झ ऐकू येत नाहीत, तेव्हा किकचा शेवट हेडफोनवर तपासावा. अनेकदा तो वाटतो त्यापेक्षा खूप लांब निघतो आणि पुढच्या मात्रेपर्यंत पोहोचतो. बेसचा स्वर जेथे सुरू होतो त्याआधी तो संपेल एवढाच डिके ठेवावा. प्रत्येक आवाजाचा एकच ठोका घेऊन तो पुनःपुन्हा वापरू नये. सलग सोळा ठोके ध्वनिमुद्रित करावेत, त्या दरम्यान डिकेचा नॉब केसभर हलवत राहावा आणि ठेका रचताना त्यांतले वेगवेगळे ठोके वापरावेत.